हँगरमध्ये ठेवलेलं नाटक

१९७४ साली व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाचे दोन प्राध्यापक, लोरेन ब्राउन आणि जॉन ओकॉनर, एका बंद पडलेल्या नाट्ययोजनेचे कागद शोधत होते. ते सापडले बाल्टिमोरजवळ, विमानाच्या एका हँगरमध्ये. लायब्ररी ऑफ काँग्रेस त्याचा गोदामासारखा वापर करायची. संहिता, नेपथ्याची रेखाटनं, पोस्टर्स, फोटो, सगळं तिथे पडून होतं.

योजनेचं नाव फेडरल थिएटर प्रोजेक्ट. महामंदीत बेकार झालेल्या रंगकर्मींना काम मिळावं म्हणून अमेरिकन सरकारने ती १९३५ मध्ये काढली. प्रमुख होत्या हॅली फ्लॅनगन. वीस वर्षांच्या ऑर्सन वेल्सने १९३६ मध्ये हार्लेममध्ये कृष्णवर्णीय नटांना घेऊन 'मॅकबेथ' केलं, ते याच योजनेत. शेती, वीज, घरं असे बातम्यांमधले प्रश्न थेट रंगमंचावर आणणारी 'लिव्हिंग न्यूजपेपर' नाटकंही हिचीच. मग काही राजकारण्यांना त्यात कम्युनिझम दिसू लागला. १९३८ मध्ये चौकशी समितीतल्या एका खासदाराने फ्लॅनगनबाईंना विचारलं, हा मार्लो कम्युनिस्ट आहे का? मार्लो म्हणजे शेक्सपिअरच्या काळातला नाटककार! ३० जून १९३९ ला पैसे थांबले आणि नाटकही.

ही गोष्ट 'खजिना सापडला' अशी सांगितली जाते. मला ते पटत नाही. कागद हरवले नव्हते, नीट ठेवलेले होते. फक्त कोणी उघडत नव्हतं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांत म्हणतात, रिस्टोअर करून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअपच नाही. हँगरमधले खोके तसे होते.

विद्यापीठाचं खरं काम त्यानंतरचं. कागद उसने आणून लावले, ते तर झालंच. पण त्यांनी जुन्या नट-दिग्दर्शक-तंत्रज्ञांना शोधून त्यांच्या मुलाखती टेप केल्या. १९३५ मध्ये पंचविशीत असलेला नट आता पासष्टीला आला होता. कागद आणखी वीस वर्षं थांबले असते, माणसं थांबली नसती.

चाळीस वर्षांनी सांगितलेल्या आठवणीत चुका असणार, हा आक्षेप रास्त आहे. पण वरच्या साहेबासाठी लिहिलेल्या अहवालात तरी पडलेल्या प्रयोगाला 'पडला' असं कोण लिहितं? कागद आणि आठवण एकमेकांना तपासतात, म्हणून दोन्ही हवेत.

१९९४ मध्ये बहुतेक कागद लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे परत गेले. उसने होते, जाणारच. त्या मुलाखती मात्र तेव्हा घेतल्या नसत्या, तर पुढे कुठूनच मागवता आल्या नसत्या.

हे वाचताना मला आमच्या कॉलेजची एकांकिका आठवत राहिली. मी लाइट्स करायचो. संहिता, क्यू-शीट, तालमीचे व्हिडिओ, सगळं एका ग्रुप ड्राइव्हवर होतं. ते अकाउंट कधी बंद झालं, आम्हाला कळलंही नाही. पण त्याहून जास्त टोचतं ते दुसरंच. डिमरवर हात कसा हलका ठेवायचा, हे शिकवणाऱ्या लाइटवाल्या काकांशी तासन्‌तास गप्पा मारल्या आणि त्यातलं एक वाक्य रेकॉर्ड केलं नाही. तेव्हाही खिशात फोन होताच.

काकांचा नंबर अजून आहे माझ्याकडे. लावून बघायला हवा.