एककर्तृत्वाचा प्रश्न : उदयनाचार्यांच्या ईश्वरानुमानाची चिकित्सा

भारतीय दर्शनांत ईश्वरवाद आणि निरीश्वरवाद यांच्यात जो दीर्घ वाद झाला, त्यात न्यायदर्शनाचा पक्ष उदयनाचार्यांच्या 'न्यायकुसुमांजली' या ग्रंथाने सर्वाधिक समर्थपणे मांडला. इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास रचलेल्या या ग्रंथाच्या पाचव्या स्तबकात ईश्वरसिद्धीचे आठ हेतू येतात. महाविद्यालयीन अध्यापनात या हेतूंची यादी सांगितली जाते आणि त्यांवरून 'एक' ईश्वर सिद्ध झाला असे मानून पुढे जाण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखात या 'एक' शब्दाचीच चिकित्सा अभिप्रेत आहे. जगाला कर्ता आहे हे सिद्ध होणे वेगळे आणि तो कर्ता एकच आहे हे सिद्ध होणे वेगळे.

आठ हेतूंपैकी 'कार्य' हा पहिला हेतू सर्वांत प्रसिद्ध आहे. पृथ्वी, अंकुर इत्यादी पदार्थ कार्ये आहेत. जे जे कार्य ते ते सकर्तृक असते, उदाहरणार्थ घट. म्हणून पृथ्वी आदींनाही कर्ता असला पाहिजे. कर्ता म्हणजे उपादानकारणाचे अपरोक्ष ज्ञान, कार्य करण्याची इच्छा आणि प्रयत्न असणारा. जगाचे उपादान परमाणू असल्याने त्यांचे प्रत्यक्ष ज्ञान असणारा कर्ता सामान्य जीव असू शकत नाही. येथपर्यंतचा युक्तिवाद भक्कम आहे असे वादापुरते मानले, तरी त्यातून निष्पन्न होतो तो केवळ 'कर्ता'. त्याची संख्या या अनुमानात कोठेही आलेली नाही.

पूर्वपक्षीयांनी ही उणीव अचूक हेरली होती. रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात 'शास्त्रयोनित्वात्' या सूत्राच्या विवरणात स्पष्ट केले आहे की, रथ, प्रासाद यांसारखी मोठी कार्ये अनेक कर्त्यांकडून होताना दिसतात. शिवाय पृथ्वी, पर्वत आदी सर्व एकाच वेळी उत्पन्न झाले यालाही प्रमाण नाही. जैन आचार्य मल्लिषेण यांनी इ. स. १२९२ मधील 'स्याद्वादमंजरी'त मुंग्यांचे वारूळ आणि मधमाश्यांचे पोळे हे दृष्टांत दिले. अनेक ईश्वर मानल्यास त्यांच्यात मतभेद होऊन जगाची घडी विस्कटेल, या नैयायिकांच्या भीतीची तर त्यांनी थट्टाच केली आहे. खर्चाच्या भयाने बायकामुलांना सोडून अरण्यात जाणाऱ्या कृपणासारखी ही भीती आहे, असे ते म्हणतात. थट्टेच्या आड मुद्दा गंभीर आहे. मुंग्यांना जे साधते ते सर्वज्ञांना साधणार नाही, हे कशावरून?

यावर असे उत्तर संभवते की, सर्वज्ञ कर्ते अनेक मानले तर त्यांचे ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न सर्वस्वी समान असणार. मग त्यांना अनेक म्हणण्यात अर्थ कोणता? परंतु हे उत्तर नैयायिकांना परवडणारे नाही. न्याय-वैशेषिक परंपरेने 'विशेष' हा स्वतंत्र पदार्थ मानला आहे तो यासाठीच, की एकाच जातीचे दोन परमाणू किंवा दोन मुक्त आत्मे अन्य सर्व बाबतींत समान असूनही भिन्न राहावेत. जेथे समानतेवरून एकत्व ठरत नाही अशी तत्त्वमीमांसा स्वीकारली, तेथे केवळ ईश्वराच्या बाबतीत ते ठरते असे म्हणता येत नाही. हा अंतर्विरोध बाहेरून लादलेला नसून दर्शनाच्या घरातला आहे.

उरते ते लाघव. एका कर्त्याने काम भागत असताना अनेकांची कल्पना करणे हे गौरव होय, या तत्त्वाचा गंगेशोपाध्यायांच्या 'तत्त्वचिंतामणी'तील ईश्वरानुमानात महत्त्वाचा वाटा आहे. (पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात अध्यापन केलेल्या जॉन वट्टांकी यांचा या प्रकरणावरील इंग्रजी ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला, मराठीतून असे काम व्हावयास हवे.) परंतु लाघव हे अनुमानाचे साहाय्यक आहे, स्वतंत्र प्रमाण नव्हे. शिवाय नैयायिक स्वतः असंख्य परमाणू आणि असंख्य आत्मे मानतात. सुखदुःखांची व्यवस्था लागण्यासाठी आत्म्यांचे अनेकत्व आवश्यक ठरते आणि तेथे लाघव मागे सरते. म्हणजेच साक्ष मिळताच लाघव माघार घेते. ईश्वराच्या बाबतीत मात्र एकत्वाची साक्ष देण्यास लाघवाखेरीज कोणी उरत नाही.

डेव्हिड ह्यूम यांच्या १७७९ साली प्रसिद्ध झालेल्या नैसर्गिक धर्मविषयक संवादांतील फिलो हे पात्र याच जागी येऊन पोहोचते. तराजूचे एक पारडे झाकलेले आहे आणि दुसरे वर उचललेले दिसते. झाकलेल्या पारड्यात वजन आहे हे निश्चित. पण ते एक आहे की अनेकांची बेरीज, हे सांगता येत नाही. लाघवाचा आधार घ्यावयाचा तर एवढे वजन एकट्याने पेलणारी वस्तू अस्तित्वात आहे, हे आधी ठाऊक असले पाहिजे. रिचर्ड स्विनबर्न यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या ईश्वरास्तित्वविषयक ग्रंथात साधेपणाला सत्यतेचे गमक मानून ही अडचण ओलांडण्याचा प्रयत्न केला. मात्र साधे ते अधिक संभाव्य का, हा प्रश्न तेथेही पुरता सुटत नाही.

रामानुजाचार्यांनी यातून काढलेला निष्कर्ष सरळ होता : ईश्वर अनुमानगम्य नाही, शास्त्रैकगम्य आहे. वेद अपौरुषेय मानणाऱ्या वेदान्त्याला हा मार्ग मोकळा आहे. नैयायिकाला नाही, कारण न्यायमतात वेदांचे प्रामाण्य त्यांच्या आप्त कर्त्यावर अवलंबून आहे. अनुमानाने आप्त कर्ता सिद्ध करावा आणि त्याचे एकत्व त्याच्याच वचनावरून घ्यावे, असे फार तर म्हणता येईल. परंतु त्यासाठी वेदांचा कर्ता आणि अंकुराचा कर्ता हे दोघे एकच आहेत, हे अगोदर सिद्ध करावे लागते.