कार्यजीवनाची मोजपट्टी आणि विद्यापीठीय सेवक : एक परीक्षण

विद्यापीठीय सेवकवर्गाचे स्वास्थ्य मोजण्याची जी साधने गेल्या दोन दशकांत प्रचारात आली, त्यांत पोर्ट्समथ विद्यापीठातील व्हॅन लार, एडवर्ड्स व ईस्टन यांनी सिद्ध केलेली कार्यजीवन-गुणवत्ता श्रेणी विशेष विचारार्ह आहे. २००७ साली ती ब्रिटनमधील आरोग्यसेवकांसाठी प्रसिद्ध झाली. पुढे २००९ साली उच्च शिक्षणक्षेत्रातील सेवकांच्या बाबतीत तिचा पडताळा घेण्यात आला. आपल्याकडील पदव्युत्तर प्रबंधांत अशा श्रेणींचा आधार घेताना त्यांचे मराठी भाषांतर तेवढे काळजीपूर्वक केले की काम संपले, अशी समजूत आढळते. म्हणून श्रेणीची घडणच तपासून पाहणे इष्ट होय.

या श्रेणीत गुणांकनासाठी २३ विधाने असून त्यांची सहा घटकांत विभागणी आहे. प्रत्येक विधानाशी आपण कितपत सहमत आहोत, हे उत्तरदात्याने पाच पायऱ्यांवर सांगावयाचे असते. श्रेणी आटोपशीर आहे. काम व घर यांच्या ओढाताणीला तिने स्वतंत्र घटकाचे स्थान दिले, हेही तिचे श्रेय मान्य केले पाहिजे. परंतु विधानांची वाटणी पाहिली की शंका येऊ लागते. सर्वसाधारण स्वास्थ्य या घटकाला सहा विधाने, तर कामाच्या परिस्थितीला अवघी तीन! या तीनांपैकी एकात साधनांची उपलब्धता, दुसऱ्यात सुरक्षितता आणि तिसऱ्यात परिस्थिती समाधानकारक आहे की नाही, एवढेच विचारलेले आहे. वेतनाविषयी एकही विधान नाही. नोकरीच्या शाश्वतीविषयीही नाही.

याहून गंभीर आक्षेप एकूण अंकाविषयी आहे. परिस्थिती हे कारण आणि स्वास्थ्य हा परिणाम. दोहोंची बेरीज करून जो अंक येतो तो कशाचा म्हणावयाचा? स्वभावतःच प्रसन्न असलेला माणूस वाईट खोलीत बसूनही चांगला अंक मिळवील, आणि घरच्या दुःखाने खचलेला माणूस सुस्थितीतील विभागाचा अंक खाली आणील. घटकवार अंक निराळे वाचण्याची सोय श्रेणीत आहे हे खरे. तथापि प्रशासनाच्या हाती पडतो तो बहुधा एकच अंक, आणि तोही सरासरीचा. दहा जणांच्या एका विभागात सर्वांनी ३ गुण दिले आणि दुसऱ्यात पाच जणांनी १ व पाच जणांनी ५ दिले, तर दोन्ही सरासऱ्या सारख्याच येतात. दुसऱ्या विभागात काय चालले आहे याची चौकशी व्हावयास हवी, आणि नेमकी तीच सरासरीने टळते.

ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी मंडळाने २००४ साली पुढे आणलेल्या व्यवस्थापन-मानकांची ३५ प्रश्नांची प्रश्नावली या दृष्टीने अधिक सरळ वाटते. तिच्यातील पहिले २३ प्रश्न एखादी गोष्ट किती वेळा घडते असे विचारतात. ती पटते का, असे नव्हे. तेथेही उत्तर देणाऱ्याचीच साक्ष घेतली जाते, परंतु ती कामाविषयीची साक्ष असते. कामाचा रेटा व कामावरील स्वाधीनता हे तिच्यातील पहिले दोन घटक. या जोडीचे महत्त्व कारासेक यांनी १९७९ साली मांडले होते : रेटा मोठा आणि स्वाधीनता थोडी, अशा स्थितीत ताण सर्वाधिक. मात्र विद्यापीठात स्वाधीनता एकजिनसी नसते. वर्गात काय व कसे शिकवावे याबाबत बराचसा स्वतंत्र असलेला प्राध्यापक अहवाल, तक्ते व मूल्यमापनाच्या नोंदी यांपुढे अगदी पराधीन असतो. या दोहोंची सरासरी काढून मध्यम स्वाधीनता असा निष्कर्ष काढणे म्हणजे एक हात विस्तवावर व एक बर्फावर ठेवलेल्या माणसाला कोमट ठरविणे होय.

आता आपल्या परिस्थितीकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी पूर्णवेळ शिक्षकासाठी आठवड्यास किमान ४० तासांचा कार्यभार सांगितला. त्यांपैकी प्रत्यक्ष अध्यापनाचे १६ तास सहायक प्राध्यापकास व १४ तास सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांस. म्हणजे तुलनेसाठी एक लेखी मापदंड उपलब्ध आहे. प्रत्यक्षात किती तास काम झाले, परीक्षेच्या उत्तरपत्रिका किती तपासल्या, विभागातील किती पदे रिक्त आहेत, हे आकडे प्रश्नावलीशेजारी ठेवता येतात. प्रबंधात ते सहसा दिसत नाहीत. शिक्षकेतर सेवकांची गोष्ट तर याहून वेगळी. ग्रंथालयातील परिचर व परीक्षा विभागातील लिपिक यांचा कार्यभार शिक्षकांच्या मापाने मोजताच येत नाही.

पोर्ट्समथ श्रेणीतील काही विधाने निकटच्या वरिष्ठाविषयी आहेत. महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयात हा वरिष्ठ कोण? नेमणूक संस्था करते, वेतनाचे अनुदान शासन देते, देखरेख प्राचार्यांची, पात्रतेचे नियम आयोगाचे आणि मान्यता विद्यापीठाची. विभागप्रमुखाने आपली कदर केली असे सांगणारा शिक्षक संस्थाचालकांविषयी काय म्हणेल, हे त्या उत्तरातून कळणार नाही. आणि ज्याला प्रत्यक्ष घेतलेल्या तासिकांपुरतेच मानधन मिळते, असा तासिका तत्त्वावरील शिक्षक कामाचे तास आपणास सोयीचे आहेत काय या प्रश्नावर कोणत्या पायरीवर खूण करील? त्याला तास कमी पडतात, ही त्याची तक्रार असते. आणि ती नोंदविण्यास या श्रेणीत जागाच नाही.