पोथीतला मोडलेला हात

माघ वद्य सप्तमीला, श्री गजानन महाराजांच्या प्रगटदिनी, शेगावच्या पंचक्रोशीत घरोघर पारायण चालते. आमच्याकडेही ते एका बैठकीत होई. दासगणू महाराजांच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथाचे एकवीस अध्याय वाचून होईपर्यंत दिवस कलत असे. आठव्या अध्यायात खंडू पाटील खटल्यातून निर्दोष सुटतो, तेव्हा ऐकणाऱ्यांना हायसे वाटे. मलाही वाटे. पुष्कळ वर्षांनी तोच अध्याय वाचताना एक साधा प्रश्न पडला. ज्याचा हात मोडला, त्याचे पुढे काय झाले?

प्रसंग थोडक्यात असा. शेगावात पाटील आणि देशमुख या दोन घराण्यांत वैर होते. गावकीच्या कामासाठी खंडू पाटलांनी एका महाराला कागद पोचवायला सांगितले. तो देशमुखांच्या पक्षाचा. त्याने नकार दिला, वर अवमानही केला. पाटलांनी हातातली काठी मारली आणि त्याचा हात मोडला. देशमुखांनी ही संधी साधली, फिर्याद वाढवून वरपर्यंत नेली आणि पाटलांना पकडण्याचा हुकूम सुटला. बेड्यांच्या कल्पनेने खचलेले पाटील रात्री महाराजांकडे गेले. महाराजांनी त्यांना पोटाशी धरले, भिऊ नकोस म्हणाले. पुढे पाटील सुटले.

या एका प्रसंगात न्यायाची तीन आसने मांडलेली दिसतात. पहिले रूढीचे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या 1915 च्या ग्रंथात गावकीचा हा सारा व्यवहार तपशिलाने आला आहे. सांगावा नेणे, कागद पोचवणे ही महाराची वतनी कामे. ती नाकारणे हा रूढीच्या नजरेत गुन्हा, आणि त्याची शिक्षा जागच्या जागी, काठीने. इथे फिर्यादी, न्यायाधीश आणि शिक्षा देणारा एकच. दुसरे आसन सरकारचे. 1853 पासून वऱ्हाड इंग्रजी अंमलाखाली होते आणि काठीच्या वर कचेरी आली होती. कचेरीच्या लेखी गुन्हा नकाराचा नाही, मारहाणीचा होता. गावच्या पाटलाला बेडी पडू शकते, ही गोष्टच गावाला हादरवणारी होती. तिसरे आसन महाराजांचे. तिथे पुरावा लागत नाही, शरण येणे पुरते.

यांपैकी मोडलेल्या हाताचा विचार कोणी केला? रूढीने तो मोडला. कचेरीपुढे तो आला, पण देशमुखांच्या पक्षाचा पुरावा म्हणून. दुःख एकाचे आणि दावा दुसऱ्यांचा, असा तो मामला. तिसऱ्या आसनासमोर तो माणूस आलाच नाही. पोथी निकाल सांगते, खटला सांगत नाही. पाटील सुटल्यावर महाराज त्यांच्या घरी राहायला जातात आणि कथा पुढे सरकते.

हे संतचरित्र आहे, निकालपत्र नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. भक्ताचे रक्षण हा संतचरित्राचा गाभाच असतो. परंतु त्यामुळेच मला दासगणूंचे मोल अधिक वाटते. भक्ताची बाजू निर्मळ दाखवायची असती, तर फिर्यादच खोटी होती असे लिहून मोकळे होता आले असते. त्यांनी तसे केले नाही. काठी बसली, हात मोडला, हे त्यांनी नोंदवले. फिर्याद वाढवली गेली, हेही नोंदवले. दासगणू (1868–1962) पूर्वायुष्यात नगर जिल्ह्यात पोलीस होते आणि कान्हा भिल्ल या दरोडेखोराच्या मागावर होते. घडले काय आणि फिर्यादीत आले काय, यांतले अंतर त्यांना ठाऊक असणारच. शके 1861 च्या वर्षप्रतिपदेला शेगावातच पूर्ण झालेल्या या ग्रंथात मला त्या जुन्या नोकरीची खूण दिसते.

याच्या अलीकडचा, सातवा अध्याय शेजारी ठेवून पाहावा. तिथे पाटलांच्याच घरातली दांडगी पोरे महाराजांना उसांनी झोडपतात. अंगावर वळसुद्धा उठत नाही. उलट महाराज तेच ऊस हातांनी पिळून पोरांना रस पाजतात. पुढच्याच अध्यायात त्याच घराची काठी एका महाराच्या हातावर पडते आणि हाड मोडते. चमत्कार एका देहापुरता होता; दुसरा देह हाडामासाचा राहिला. दोन अध्याय असे लागोपाठ आल्यावर वाचणाऱ्याने पान उलटण्याआधी क्षणभर थांबायला नको का?

प्रश्न जुन्या वऱ्हाडापुरता नाही. फिलिपिन्समध्ये 1978 च्या हुकुमाने गावातले तंटे आधी गावच्या सलोखा मंडळापुढे नेण्याची पद्धत कायद्यात आणली. मंडळात दहा ते वीस गावकरी, प्रमुख गावचाच मुखिया, वकिलांना मज्जाव. आपल्याकडे 15 ऑगस्ट 2007 ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. दोन्हींमागचा हेतू चांगला: कोर्टाची पायरी वाचावी, शेजार टिकावा. पण तिथल्या कायद्याने एक कुंपणही घातले आहे. एका वर्षापेक्षा जास्त कैदेचा गुन्हा त्या मंडळापुढे चालत नाही. सलोखा दोन बरोबरीच्यांत होतो. काठी आणि हात यांच्यात झालेल्या सलोख्याला बहुधा दबावच म्हणावे लागते, हे त्या कुंपणामागचे शहाणपण मला वाटते. आठव्या अध्यायाच्या आरंभी दासगणूंनी दुहीला दूषण दिले आहे. पण त्यांच्या डोळ्यांपुढची दुही पाटील-देशमुखांची. ती मिटली असती, तरी कागद नेणारा महारच राहिला असता आणि काठी पाटलांच्याच हातात राहिली असती.

मी पारायण सोडलेले नाही. शेगावच्या दर्शनबारीत आज सगळ्या जातींची माणसे एका रांगेत उभी असतात, हे मी पाहतो आणि त्यात महाराजांचा वाटा मोठा आहे असे मानतो. आठवा अध्याय मात्र आता जरा सावकाश वाचतो. खंडू पाटील सुटतात, घरातली मंडळी हात जोडतात. मी त्यांच्याबरोबर हात जोडतो आणि ज्याला एक हात हलवताच येत नव्हता त्याची आठवण करतो. पोथीने त्याला निकाल दिला नाही, पण त्याची जखम लिहून ठेवली. तिची दखल घेणे हे वाचणाऱ्याचे काम आहे.