बाटलीचा बाण

दिवाळीत बाण सोडायला रिकामी बाटली लागते. तिच्यात काडी उभी करायची, वातीला उदबत्ती लावायची आणि पळायचं. बाण वर जातो, बाटली तोंडाला काजळी फासून अंगणात राहते. सकाळी झाडताना ती कुणाच्या तरी पायाला लागते, एवढाच तिचा पुढचा इतिहास. पाण्याच्या रॉकेटमध्ये मात्र बाटलीच उडते. पडदा ओढणाऱ्याने एके दिवशी थेट नायकाचं काम करावं, तसं.

मी मराठीचा मास्तर होतो. कवितेच्या रसग्रहणाच्या उत्तरपत्रिका तपासण्यात अर्धी नजर गेली. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक सौंदर्य असे तीन परिच्छेद पाडले की मुलं मोकळी आणि मीही मोकळा. निवृत्तीनंतर जानेवारीत लेकीकडे बेंगळुरूला, कोरमंगलात गेलो होतो. बारा वर्षांच्या नातीने विचारलं, "आबा, तुम्ही शाळेत शिकवायचात ते रसग्रहण म्हणजे काय?" म्हटलं, "एखादी गोष्ट आपल्याला का आवडली, ते नीट सांगणं." ती हातातली बाटली पुढे करून म्हणाली, "मग ह्याचं करा."

बाटली दोन लिटरची, शीतपेयाची. नुसत्या पाण्याची बाटली चालत नाही, हे तिने मला आधीच बजावलं होतं. ती पातळ असते, दाब सोसत नाही. शीतपेयाच्या बाटलीचं बूड उलटं करून बघा. त्याला पाच फुगीर पाकळ्या असतात. मी आजवर ती केवळ नक्षी समजत होतो. आत कोंडलेला वायू चारी बाजूंनी सारखा रेटत असतो, तो रेटा सोसून बाटली टेबलावर सरळ उभी राहावी म्हणून ती रचना आहे. या जातीच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचं पेटंट १९७३ साली नॅथॅनियल वायथ या अमेरिकी अभियंत्याला मिळालं. त्याचा धाकटा भाऊ अँड्र्यू हा नामांकित चित्रकार. एका भावाची चित्रं संग्रहालयांत लागली आणि दुसऱ्याची निर्मिती जगातल्या प्रत्येक गटारात तरंगते आहे. पण दाब सोसणं हा तिचा जन्मजात गुण आहे. रॉकेट करणारा तिच्यावर नवा अर्थ लादत नाही, असलेलाच बाहेर काढतो. चांगला कवी शब्दाशी याहून वेगळं काय करतो?

बाण हा शब्दही तसाच तपासून घ्यावा. आपल्या बखरींमधले बाण सगळेच धनुष्याचे नव्हेत. त्यांतले कितीतरी बांबूला बांधलेल्या दारूच्या नळ्यांचे आहेत. हैदर आणि टिपूच्या म्हैसूर राज्याने ती नळी लोखंडाची केली, त्यामुळे आत जास्त दाब मावू लागला आणि बाण लांब जाऊ लागला. १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांनी त्याचा मार खाल्ला आणि पुढे विल्यम काँग्रीव्हने विलायतेत त्यावरून आपली रॉकेटं बेतली. बेंगळुरूच्या जुन्या शहरातल्या तारामंडलपेटेचं नाव त्या बाणांच्या कारखानदारीशी जोडलं जातं. २०१८ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर इथे एका पडक्या विहिरीच्या गाळातून टिपूच्या काळातले हजारावर लोखंडी बाण निघाले. आगीचे बाण पाण्याच्या जागेतून वर आले, हे मला फार आवडलं. नातीला त्याचं काही वाटलं नाही. तिला एवढंच हवं होतं, की नळी मजबूत पाहिजे. तिचं वाचन माझ्यापेक्षा नेमकं होतं.

बांधणीचं काम बाल्कनीत दोन दिवस चाललं. जुन्या प्लॅस्टिकच्या फायलीचे तीन पंख कापून टेपने चिकटवले. गरम गोंद वापरायचा नाही, उष्णतेने बाटलीची भिंत कमजोर होते. टोकाला अर्धा टेनिस बॉल आणि त्याच्या पोटात, आई स्वयंपाकघरात नसताना पळवलेली, कणकेची गोळी. नाक जड हवं, शेपूट हलकी आणि पसरट हवी, म्हणजे बाण सरळ जातो. ते तपासायची तिची रीत बघण्यासारखी होती. रॉकेट जिथे तोललं जातं तिथे दोरी बांधून तिने ते गोफणीसारखं डोक्याभोवती फिरवलं. नाक पुढे राहिलं तर पास. पहिल्या खेपेला रॉकेट शेपटीकडून फिरलं. कणीक वाढवली, पास झालं. वृत्तात एखादी मात्रा कमी पडली की कान जसा अडखळतो, तसा इथे डोळा अडखळतो.

सोडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत तोंडाला रबरी बूच घट्ट बसवायचं, त्यातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह काढायचा आणि पंप मारत राहायचं. दाब बुचाच्या पकडीपेक्षा वाढला की रॉकेट आपलं आपण सुटतं. केव्हा, ते कुणालाच माहीत नसतं. दुसरीत उभ्या पीव्हीसी पाइपावर बाटली पालथी बसवतात आणि तिच्या गळ्याची कड केबल टायच्या कड्यांनी धरून ठेवतात. वरून एक कॉलर सरकवलेली असते. दुरून दोरी ओढली की कॉलर खाली येते, कड्या उघडतात आणि बाटली मोकळी होते. पहिली तऱ्हा मुक्तछंद, दुसरी वृत्तबद्ध. माझा कल आयुष्यभर मुक्तछंदाकडे राहिला, पण साठ पौंड हवा भरलेल्या बाटलीपाशी वाकलेलं पोर पाहिल्यावर मी विनाअट वृत्ताच्या बाजूने गेलो. दोरी चांगली लांब हवी, डोळ्यांवर चष्मा हवा, आणि दाब भरल्यावर बाटलीजवळ कुणीही जायचं नाही, आजोबांनीसुद्धा नाही.

पाणी कुठलं घ्यायचं, हा बेंगळुरूत साधा प्रश्न नाही. २०२४ च्या मार्चमध्ये इथे इतकी टंचाई झाली होती, की पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजार रुपये दंड होता. जिथे आज नॅशनल गेम्स व्हिलेजच्या इमारती उभ्या आहेत, तिथे पूर्वी कोरमंगलाचं तळं होतं. लेकीच्या घरी आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी बादलीत साठवतात, फरशी पुसायला. त्यातलं अर्धा लिटर रॉकेटच्या वाट्याला आलं.

हे अर्धा लिटर म्हणजे या रचनेतली खरी प्रतिमा. बाटली रिकामी ठेवून नुसत्या हवेवर सोडली तरी ती उडते, पण फार नाही. फेकायला हवेत वजनच नसतं. पाऊण भरली तर जड होते आणि रेटायला हवाही पुरेशी उरत नाही. पाव ते एक तृतीयांश भरली की गाणं जमतं. पाणी खाली फेकलं जातं म्हणून बाटली वर जाते, एवढाच न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचा मामला. पण पाण्याला ढकलणारी हवा आहे, आणि ती हवा कोंडणारा हात सायकलच्या पंपावर आहे. नातीने आदल्या रात्री खाल्लेली भाकरी अशी दोन वळणं घेऊन आकाशात जाते.

मैदान सहाव्या ब्लॉकमधलं, कडेला रेन ट्रीची मोठाली झाडं. रविवारची सकाळ. वॉचमन येऊन "एनिदु?" म्हणाला आणि उत्तर मिळायच्या आतच प्रेक्षक होऊन बसला. पंप सुरू झाला. पहिले पाच-सहा दट्टे सहज जातात, विलंबित लयीत. मग पंप अडू लागतो, त्याचा आवाज आखडतो, नळी गरम लागते. वीस-बावीस दट्ट्यांनंतर काटा साठ पौंडांवर आला. बाटलीच्या बाहेर काहीही बदललेलं दिसत नाही, पण सगळे नकळत एक पाऊल मागे सरकतात. नाट्यशास्त्रात भरताने अद्भुत रसाचा स्थायिभाव विस्मय सांगितला आहे. विस्मयाच्या आधीचं हे आवंढा गिळणं आठ रसांपैकी कशात बसवायचं, ते त्याने सांगून ठेवायला हवं होतं.

मग उलटी मोजणी. पोरांनी ती कानडीत केली: हत्तु, ओंबत्तु, एंटु, एळु. उलट्या मोजणीचं खूळ शास्त्रज्ञांच्या आधी सिनेमाने आणलं, १९२९ च्या एका जर्मन मूकपटात फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाने, ताण वाढवण्यासाठी. म्हणजे हा मुळात नाट्याचाच अलंकार. मूरु, एरडु, ओंदु. आणि नंतर कुणीतरी ओरडलं, "बिडु!" सोड.

यानंतरचा भाग वाचायला सेकंदाचा विसावा हिस्सा मिळतो. साठ पौंडांच्या दाबाने पाणी ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने तोंडातून बाहेर पडतं आणि अर्धा लिटर एवढ्यात संपतं. त्या क्षणी बाटलीखाली तीसेक किलोचा रेटा असतो, आणि पाण्यासकट रॉकेटचं वजन जेमतेम साडेसहाशे ग्रॅम. डोळ्याला यातलं काही दिसत नाही. 'आहे' आणि 'गेलं' या दोन शब्दांमध्ये क्रियापदच नसावं, तसं होतं. दिसतात ते मागे राहिलेले पुरावे. पायावर उडालेले थेंब, ओल्या मातीतला खड्डा, आणि सात-आठ मजल्यांच्या उंचीवर एक चमकता ठिपका, तोही वळायच्या बेतात. पाणी संपतं तेव्हा बाटलीत निम्म्याहून जास्त दाब अजून शिल्लक असतो, तो एका फुस्कारीसरशी निघून जातो. मोबाइलवर चित्रीकरण करून नंतर संथ गतीने पाहिलं, तेव्हा कुठे पाण्याचा पांढरा खांब दिसला. सुंदर होता, पण मला ती मूळ संहितेवरची टीप वाटली.

दुसरं उड्डाण रेन ट्रीत अडकलं. तिसऱ्यात एक पंख निखळला आणि रॉकेट भरकटत वॉचमनच्या सायकलवर आदळलं. रसभंग म्हणतात तो हा, पण टाळ्या त्यालाच सर्वांत जास्त पडल्या.

पाण्याच्या रॉकेटकडे मोठ्या रॉकेटची तालीम म्हणून बघायची या शहराला सवय आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. इस्रोचं मुख्यालय इथलंच. आशिया-प्रशांत भागातल्या अवकाश संस्थांच्या मंचाचं अधिवेशन २०१७ च्या नोव्हेंबरात बेंगळुरूत झालं. हा मंच बारा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी पाण्याच्या रॉकेटांची स्पर्धाही भरवतो. कोरमंगलाच्या दुसऱ्या ब्लॉकमध्ये भारतीय खगोलभौतिकी संस्था आहे. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेल्या आदित्य-एल१ वरचं सूर्याचं प्रभामंडल पाहणारं उपकरण याच संस्थेचं. त्या फाटकावरून जाताना नातीच्या डोळ्यांत काय येतं ते मला दिसतं, आणि मी त्याच्या आड येणार नाही. पण वाचक म्हणून माझं मत वेगळं आहे. चारोळी ही महाकाव्याची तालीम नसते. केप टाउन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१५ साली पाण्याचंच रॉकेट ८३० मीटर चढवून जागतिक विक्रम केला. त्यांना मुजरा. तरी त्यात शीतपेयाची बाटली उरली नव्हती, आणि ती गेली की माझ्या मते काव्यही गेलं. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेची इमारत पु. लं.च्या नावाची आठवण ठेवत 'पुलस्त्य' म्हणवते. तिथे अरविंद गुप्ता यांनी दहाएक वर्षं टाकाऊ वस्तूंची खेळणी करून मुलांच्या हातात मोडायला दिली. वस्तूची ओळख पुसू न देता तिच्याकडून नवं काम करून घ्यायचं, हा त्या खेळण्यांचा गुण या बाटलीत पुरेपूर आहे. लेबलाचा अर्धा कागद अजून तिला चिकटलेला होता.

एक जागा राहिली. परीक्षेत असती तर मी तिच्याखाली लाल रेघ ओढून 'छान!' लिहिलं असतं. पहिल्या उड्डाणानंतर नात धावत जाऊन बाटली घेऊन आली आणि माझ्या डोळ्यांसमोर धरली. "आबा, आत बघा." आत धूर होता. वात नाही, दारू नाही, काडी नाही, तरी धूर. मी हुंगून पाहिलं, वास कसलाच नव्हता. ते धुकं होतं. कोंडलेली हवा एकदम पसरली की थंड होते, आणि तिच्यातली वाफ बारीक थेंब होऊन तरंगते. जमिनीवरची हवा वर चढते, पसरते, गार होते आणि तिचा ढग होतो, ते याच रीतीने. बाटली आकाशात काही क्षणच राहिली होती, पण येताना तिथला ऐवज घेऊन आली होती. किंवा खरं तर तो तिने जाता जाताच तयार केला होता.

तो ढग दोन-तीन श्वास टिकतो. तुम्ही रॉकेट सोडाल तेव्हा किती उंच गेलं यावर वाद घालत बसू नका. आधी धावत जाऊन बाटली उचला.