मग्दालाची छायाचित्रे आणि न दिसलेली वेदी

१८६७-६८ साली मुंबई इलाख्याच्या फौजेने अॅबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, स्वारी केली. सम्राट थिओडोरने ब्रिटिश वकील आणि काही मिशनरी कैदेत टाकले होते. त्यांना सोडविण्यासाठी सेनापती सर रॉबर्ट नेपियर सुमारे १३,००० सैनिक आणि ४४ हत्ती घेऊन त्या डोंगराळ देशात शिरला. सैनिकांत बहुसंख्य हिंदी होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या युद्धसन्मानांत ‘अॅबिसिनिया’ हे नाव आहे. आणि मुंबईच्या पलटणींना कोकणाने किती तरुण दिले, हे सिंधुदुर्गातील वाचकाला वेगळे सांगायला नको. तेव्हा या मोहिमेची छायाचित्रे आपण परक्यांची चित्रवही म्हणून बाजूला ठेवू शकत नाही.

ती रॉयल इंजिनिअर्स दलातील माणसांनी काढली. नकाशांच्या प्रती काढणे हाही त्यांच्या कामाचा भाग होता. काचेवर कलोडियनचा लेप द्यायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच तंबूत धुवायचे, अशी त्या काळची रीत. हलणारी वस्तू पुसट येई. साहजिकच चित्रांत येतात त्या छावण्या, कडे, मग्दाला गडाचे दरवाजे आणि स्तब्ध बसलेले अधिकारी. पर्वताची घडण इतक्या प्रामाणिकपणे टिपणारी चित्रे त्या काळात थोडीच असतील. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

परंतु स्थिर वस्तूच टिपणारी कला युद्धाला फार स्वच्छ करून सोडते. १० एप्रिल १८६८ रोजी आरोगे येथे इथिओपियाचे सुमारे ७०० लोक पडले. नेपियरच्या बाजूचे दोनच दगावले. तो दिवस पवित्र शुक्रवार होता. त्या वर्षी आपल्या आणि पौर्वात्य दिनदर्शिकेप्रमाणे पुनरुत्थानाचा सण एकाच रविवारी, १२ एप्रिलला आला. त्या दिवशी थिओडोरने सलोख्यासाठी गुरे देऊ केली. नेपियरने ती घेतली नाहीत. सोमवारी गड पडला आणि सम्राटाने स्वतःवर गोळी झाडून घेतली. दोन्ही बाजू त्याच प्रभूचे नाव घेणाऱ्या होत्या. दरवाजाच्या निश्चल चित्रातून यातले काहीच कळत नाही.

यानंतर लूट झाली. मग्दालाच्या चर्चमधील हस्तलिखिते, क्रूस, पात्रे हत्ती आणि खेचरांवर लादून नेली आणि त्यांचा लिलाव केला. काटेरी मुकुट घातलेल्या ख्रिस्ताचे एक पूज्य चित्र ब्रिटिश म्युझियमच्या प्रतिनिधीने स्वतःकडे ठेवले. लुटीत ‘ताबोत’ही होते. कराराच्या कोशाचे प्रतीक असलेली ही फळी वेदीवर असल्याशिवाय त्या ख्रिस्तसभेत मिस्सा होत नाही, आणि धर्मगुरूंखेरीज कोणी तिच्याकडे पाहायचे नसते. येथे छायाचित्रकलेचा मूळ प्रश्न उभा राहतो. कॅमेरा मानतो की, जे आहे ते पाहण्याचा हक्क सर्वांना आहे. ताबोत सांगतो की, काही गोष्टी झाकलेल्या राहूनच लोकांच्या असतात. आपणही पवित्र साक्रामेंताच्या पेटीवर पडदा घालतो; हा भाव आपल्याला नवा नाही.

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनने त्याच १८६८ साली काढलेले राजपुत्र अलेमायूचे छायाचित्र या चित्रांशेजारी ठेवून पाहावे. सात वर्षांचा मुलगा, आईबापाविना परदेशी आणलेला. कॅमेरॉनबाईंची प्रकाशयोजना सुंदर आहे, हेतूही दयाळू असेल. पण त्या डोळ्यांतला थकवा तिच्या सौंदर्यदृष्टीला जुमानत नाही. इंजिनिअरांच्या चित्रांत जे हरवले, ते येथे एका चेहऱ्यावर सापडते. १८७९ साली, अठराव्या वर्षी, तो इंग्लंडमध्येच वारला.

ही चित्रे जाळावीत असे कोणी म्हणणार नाही. ती पुन्हा छापताना मात्र गडाच्या नावाखाली लुटलेल्या चर्चचाही उल्लेख हवा आणि हिंदी शिपायांचाही. एडिंबरोच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये एका कपाटात मग्दालाचा ताबोत सापडला, तेव्हा त्या मंडळीने तो २००२ साली इथिओपियाला परत दिला. ब्रिटिश म्युझियमकडील ताबोत अद्याप बंद खोलीत आहेत. तेथे ते कोणाला दाखवीत नाहीत, हा मान राखला जातो. पण ज्या वेदीवरून ते उचलले, ती वेदी अजून रिकामी आहे. छायाचित्रांपुढे बसणाऱ्या ख्रिस्ती वाचकाने प्रथम तिची आठवण करावी.