डिजिटल कुलूप आणि वाचकाचा हक्क

छापील पुस्तक विकत घेतल्यावर ते उसने देणे वा विकणे हा ग्राहकाचा हक्क असतो. ई-पुस्तकाच्या ग्राहकाला मात्र बहुधा केवळ वाचनाचा परवाना मिळतो. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलची विकलेली पुस्तके किंडलमधून परस्पर काढून घेतली, तेव्हा हा भेद उघड झाला.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ समाविष्ट झाले. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कायद्याने निषिद्ध नसलेल्या कारणासाठी ते उघडण्यास मुभा आहे. हा विवेक स्वागतार्ह होय. तथापि, कुलूप उघडून देण्याचे बंधन विक्रेत्यावर नाही. परिणामी हक्क वाचकाचा, किल्ली विक्रेत्याची, अशी विसंगती निर्माण होते.

नागपूरचे कवी ग्रेस २०१२ मध्ये निवर्तले. त्यांच्या प्रकाशित कवितांवरील स्वामित्वहक्क साठ वर्षांनी, २०७२ अखेर संपेल. कुलपाला अशी मुदत नसते. त्यांचे छापील संग्रह तेव्हाही ग्रंथालयात उघडता येतील. परंतु आज केवळ कुलूपबंद स्वरूपात निघणाऱ्या मराठी पुस्तकांचे काय? १९५४ च्या कायद्यानुसार छापील पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयास द्यावी लागते. ई-पुस्तकाची कुलूपविरहित प्रतही तेथे जमा करणे बंधनकारक व्हावे. अन्यथा लेखकाच्या रक्षणासाठी घातलेले कुलूपच त्याच्या विस्मरणास कारण ठरेल.