अवटुशस्त्रक्रियेतील मानेची ठेवण : पूर्वतयारीच्या विचाराची समीक्षा

अवटु ग्रंथीवरील शस्त्रक्रियेचे ग्रंथगत वर्णन बहुधा छेदापासून रंगू लागते. तत्पूर्वीचा विधी एकदोन वाक्यांत आटोपतो : रुग्णास उताणे निजवावे, खांद्यांखाली उशी द्यावी, डोके चुंबळीसारख्या गोल गादीवर टेकवावे आणि मान मागे न्यावी. बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर यांना या ग्रंथीविषयीच्या कार्याबद्दल १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून स्वरयंत्राच्या मज्जातंतूंचे व परावटू ग्रंथींचे विवेचन उत्तरोत्तर सूक्ष्म होत गेले; मानेच्या ठेवणीला मात्र त्या मानाने फारच थोडी जागा मिळाली.

या वर्णनाचा मुख्य दोष त्याच्या एकांगी दृष्टीत आहे. मान मागे नेल्याने ग्रंथी वर व पुढे येते आणि शस्त्रक्रियेस पुरेशी जागा मिळते, हे निर्विवाद होय. परंतु जागेपणी वेदना होताच मनुष्य आपली मान आवरतो. भूल व स्नायू शिथिल करणारी औषधे ही आवरण्याची शक्तीच काढून घेतात. शुद्धीवर आल्यावर रुग्ण ‘मान अवघडली’ असे म्हणतो, खांदे व डोक्याचा मागील भाग दुखत असल्याचे सांगतो. जखम गळ्याच्या पुढील बाजूस आणि दुखणे मागील बाजूस, हा भेद ध्यानात न घेता ही तक्रार जखमेच्याच खाती टाकली जाण्याचा संभव असतो.

यावर उपाय म्हणून चीनमधील रुग्णालयांत शस्त्रक्रियेपूर्वी या ठेवणीचा सराव करून घेतात. रुग्ण खांद्यांखाली उशी घेऊन प्रथम थोडा वेळ व पुढे क्रमाक्रमाने अधिक वेळ निजतो. जपानी शल्यविशारदांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक चाचणीत मानेच्या व्यायामाने रुग्णांचा त्रास कमी झाल्याचे आढळले. तथापि तो व्यायाम शस्त्रक्रियेनंतरचा होता. पूर्वीच्या सरावाच्या समर्थनार्थ तिचा आधार घेणे म्हणजे दोन भिन्न गोष्टींची गल्लत करणे होय.

सरावाने मानेस ‘सवय’ होते, हे समर्थनही तपासून पाहण्याजोगे आहे. जागृत स्नायूंनी केलेला सराव आणि शिथिल स्नायूंनिशी सोसलेली अवस्था एकरूप नव्हेत. सरावाचे अधिक निश्चित मोल निराळेच आहे : रुग्णाची मान त्रासाविना कोठवर जाते, ही मर्यादा तो शुद्धीवर असतानाच कळते. मान मागे नेताच हातास मुंग्या येणे, चक्कर येणे किंवा कळ उठणे, या गोष्टी रुग्ण तेव्हाच सांगू शकतो. मानेच्या मणक्यांची झीज झालेल्या अथवा संधिवाताभ रोगाने वरच्या मणक्यांचे सांधे सैल झालेल्या रुग्णाच्या बाबतीत ही माहिती अमोल ठरते. तेथे अतिताणाने मज्जारज्जूस इजा होण्याचा धोका असतो.

म्हणूनच सर्वांस एकच सराव सांगणेही सदोष होय. मोठ्या गलगंडाने श्वासनलिका दबलेल्या रुग्णास उताणे निजताच धाप लागते. त्याच्याकडून अशा सरावाचा आग्रह धरणे अपायकारक ठरेल. वृद्धाची ताठर मान आणि तरुणाची लवचीक मान यांना एकच माप लावता येत नाही.

अतएव ठेवणीच्या वर्णनात काही गोष्टींची भर आवश्यक आहे. मानदुखी व मुंग्यांविषयी आधी विचारावे. रुग्ण जागा असताना वैद्याच्या देखरेखीखाली ठेवण एकदा पाहावी. आढळलेली मर्यादा भूल देणाऱ्या वैद्यासह सर्वांस कळवावी. भूल दिल्यावर ती मर्यादा ओलांडू नये, डोके अधांतरी राहू देऊ नये आणि ग्रंथी काढून झाल्यावर, जखम शिवण्यापूर्वी, खांद्यांखालील उशीचा ताण उतरवावा. शस्त्रक्रियेनंतर मान अवघडण्याची शक्यता रुग्णास आधीच सांगावी. यांपैकी कोणत्याही गोष्टीस नवे उपकरण लागत नाही. रुग्णाचे उत्तर ऐकून ते शस्त्रक्रियेच्या टिपणात नोंदवावे, एवढीच अपेक्षा आहे. आणि प्रचलित वर्णनांत नेमकी तीच उणीव राहिली आहे.